पाटीवर काय लिहू : कै., स्व., वै. की काहीच नको?

अर्धा_कप (धागाकर्ता)
मंडळी, प्रश्न छोटा आहे, पण आमच्या घरात गेले १२ दिवस त्यावरून चहा गार होतोय.

बाबा गेले त्याला येत्या महिन्यात वर्ष होईल. गावच्या शाळेत त्यांनी ३१ वर्षं गणित शिकवलं. आम्ही भावंडांनी त्या शाळेला पाण्याचा कूलर द्यायचं ठरवलं, वर ग्रॅनाइटची छोटी पाटी. पाटीवाल्याकडे गेलो. त्याने वहीतून मान वर न काढता विचारलं, "कै. का स्व.?" अक्षराला ४० रुपये. जोडाक्षर एकच धरतो. टिंबाचे पैसे घेत नाही, हे त्याने उपकार केल्यासारखं सांगितलं.

आई म्हणते कै. घाला, सगळे घालतात. भाऊ म्हणतो स्व. घाला, हल्ली फ्लेक्सवर तेच असतं. मी म्हणतो काहीच नको, कारण बाबा ठार नास्तिक. देहदान करून गेले. दहावा-तेरावा काही करू नका असं लिहून ठेवलं होतं आणि आम्ही केलं नाही. (तेच बाबा दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालायचे. कारण विचारलं की म्हणायचे, "दिवेघाटाचा चढ चांगला आहे, फुप्फुसं साफ होतात.")

तर आता, स्वर्ग आहे असं तुम्ही खरंच मानता का? मानत असाल तर नेमकं काय मानता? आणि नसाल मानत, तर आपल्या माणसाच्या नावापुढे काय लावता?

कोपरखळी
आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही. धागा इथेच बंद करावा ही विनंती. :)

फेरफार_सातबारा
आमच्या दफ्तरात सगळे "मयत". सरपंच असो, बुवा असो की बागायतदार. वारसनोंदीला या, मी दाखवतो. कैलास नाही, वैकुंठ नाही, फेरफार क्रमांक तेवढा आहे.

नारायणपेठी
पुण्यात दोन्ही सोयी आहेत. वैकुंठ नवी पेठेत, कैलास आरटीओच्या बाजूला. पार्किंगच्या दृष्टीने काय ते ठरवा.

कोपरखळी
@नारायणपेठी हहपुवा (हसून हसून पुरेवाट). कैलासवासी व्हायच्या आधी लायसन नूतनीकरण करून घेता येईल.

नांदुरकी
घरात तीन पिढ्यांची वारी आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे माळकरी माणूस गेला की "वै. ह.भ.प." लागतं. पण वैकुंठ म्हणजे स्वर्ग नव्हे, इथेच बहुतेकांची गल्लत होते. स्वर्ग इंद्राचा. तिथे पुण्य मोजून राहायचं, आणि गीतेतच म्हटलंय की पुण्य संपलं की परत मृत्युलोकात. नवव्या अध्यायात माउलींनी यावर जे लिहिलंय ते वाचून माझे आजोबा दरवेळी हसायचे. कवड्या संपल्या की वेश्येच्या दाराला हातही लावता येत नाही, तशी त्या यज्ञ करणाऱ्यांची लाजिरवाणी गत होते, असा दृष्टांत आहे. त्याच्याच आसपास स्वर्गाला नेणाऱ्या पुण्याला त्यांनी चक्क "पुण्यात्मक पाप" म्हटलंय. पापात्मक पापाने नरक, पुण्यात्मक पापाने स्वर्ग. देवापासून लांब ठेवतं ते दोन्ही पापच.

तुकोबा तर उलटं सांगतात की स्वर्गातले अमर देवाकडे मृत्युलोकात जन्म मागतात. का, तर तिथे कीर्तन नाही. म्हणजे महाराष्ट्रात सातशे वर्षं ज्या स्वर्गाची अशी किंमत केली, त्याचं लेबल आपण वडिलांच्या नावापुढे कौतुकाने लावतो.

उधारीचं_तूप
चार्वाकांचा जुना प्रश्न पडून आहेच. यज्ञात मारलेला पशू थेट स्वर्गात जात असेल, तर यजमान आपल्या बापालाच का नाही पाठवत? अजून कोणी नीट उत्तर दिलेलं नाही.

स्लाइड_रूल
नांदुरकींच्या म्हणण्यात एक हिशोबी अडचण दिसते. पुण्य संपलं की खाली यायचं, तर १९८५ साली गेलेल्या माणसाला २०२५ मध्येही "स्वर्गीय" म्हणणं म्हणजे पत्ता न बदलता टपाल पाठवत राहणं. मुक्काम हलला असेल तर?

शिखा_आणि_सूत्र
हसण्यावारी न्यायचं ठरलंच असेल तर चालू द्या. पण धागाकर्त्याने प्रश्न मनापासून विचारलाय म्हणून लिहितो. स्वर्ग म्हणजे ढगांवरचं एखादं हॉटेल, असं आपल्याकडच्या सगळ्यांनीच मानलेलं नाही. "स्वर्गकामाने यज्ञ करावा" या वाक्यावर ज्यांनी हयात घालवली त्या मीमांसकांनीच विचारलं की स्वर्ग ही वस्तू आहे, ठिकाण आहे की आणखी काही. त्यांच्या शबरभाष्य या ग्रंथात उत्तर येतं, स्वर्ग म्हणजे प्रीती, सुख. पुढे व्याख्याही झाली : ज्यात दुःखाची भेसळ नाही, जे मागाहून दुःखाने गिळलं जात नाही आणि इच्छेसरशी मिळतं, ते सुख म्हणजे "स्वः". भूगोल नाही त्यात. चार्वाकांच्या एका श्लोकावर टाळ्या घेण्याआधी समोरचा काय म्हणत होता ते तरी वाचावं.

उधारीचं_तूप
@शिखा_आणि_सूत्र वाचलंय. मग ते सुख मेल्यावरच का मिळायचं? सकाळी यज्ञ केला, दुपारी स्वर्ग, असं का नाही?

शिखा_आणि_सूत्र
कारण असलं सुख या देहात कोणी पाहिलेलं नाही. यावरही त्यांनी वाद घातलाय. तुम्हाला वाद हवा आहे की उत्तर, ते आधी ठरवा.

संपादक_मंडळ
दोघांनी थोडं सबुरीनं. धागा चांगला चाललाय.

माधवी_लातूरकर
आमच्याकडे वरचं काहीच लागत नाही. आम्ही लिंगायत, "लिंगैक्य" लिहितो. माणूस कुठे गेला हा प्रश्नच त्या शब्दात नाही, तो मिसळला. आजोबांना बसवून पुरलं, मांडी घालून, तळहातावर इष्टलिंग. मी नऊ वर्षांची होते. मला वाटलं होतं, कंटाळा आला की उठतील.

बाराव्या शतकात बसवण्णा सांगून गेलेत की देवलोक आणि मर्त्यलोक वेगळे नाहीत, खरं बोलणं हाच देवलोक, खोटं बोलणं हाच मर्त्यलोक. आचार हाच स्वर्ग, अनाचार हाच नरक. आईला हे वचन पाठ आहे आणि ती ते नेमकं माझा नवरा "निघालोय, पाच मिनिटांत पोचतो" म्हणाला की म्हणते.

बायपास_काका
मी जाऊन आलोय असं डॉक्टर म्हणतात, म्हणून अधिकाराने लिहितो. ऑपरेशनच्या आधीच अतिदक्षता विभागात हृदय बंद पडलं, शॉक देऊन चालू केलं. नातेवाईक अजून विचारतात, "काय दिसलं हो?" बोगदा नाही, उजेड नाही, गेलेलं कोणी भेटलं नाही. शुद्ध आली तेव्हा पहिली दिसली ती खाटेखाली राहिलेली एका नर्सबाईंची निळी चप्पल, आणि त्या एका पायात चप्पल घालून उभ्या होत्या. घाईत पायातली निसटली असणार. मेव्हण्याला हे सांगितलं तर तो नाराज झाला. त्याला बोगदा हवा होता.

बाकरवडी_न्यूजर्सी
इथल्या अंत्यविधीच्या ऑफिसात फॉर्मवर रकाना होता, धर्म आणि विशेष सूचना. मी लिहिलं, "मराठी". गडबडीत.
रच्याकने (म्हणजे जाता जाता), लेकीने विचारलं होतं की स्वर्गात आजीशी कोण मराठी बोलेल. ती पाच वर्षांची आहे. मी म्हटलं तिथे तुझे पणजोबा आहेत. आता तिला वाटतं स्वर्ग म्हणजे चिपळूण.

कोपरखळी
पावसाळ्यात काही अंशी खरं आहे. पूर नसेल तर.

खाडीवरचा
रत्नागिरीकडचा आहे, मुसलमान. दादा गेले तेव्हा स्थानिक पेपरात बातमी आली, "पैगंबरवासी झाले". दादीने कात्रण माझ्याकडून वाचून घेतलं आणि विचारलं, हे काय असतं? मलाही सांगता येईना. पैगंबरसाहेबांमध्ये कोणी वास करत नाही, आमच्यात अशी कल्पनाच नाही. कैलासवासी आहे, वैकुंठवासी आहे, मग यांनाही कुठेतरी वसवायला हवं, असं कुणा उपसंपादकाला कधीतरी वाटलं असेल. हेतू चांगलाच असणार, त्यामुळे रागही येत नाही.

आम्ही "मरहूम" म्हणतो. ज्याच्यावर रहम झाली तो. जन्नत आहे हे मानतोच, कुरआनात बागा आहेत, खालून नद्या वाहतात. पण अमका तिथे पोचला असं माणसाने ठरवायचं नसतं, तो निकाल कयामतच्या दिवशी. तोवर बरजख, म्हणजे मधला पडदा. आपण फक्त मग्फिरतची दुआ मागायची, त्याला माफ कर म्हणून. त्यामुळे "स्वर्गीय" हा शब्द मला थोडा घाईचा वाटतो. निकालाआधीच पेढे.

मांडवी_पलीकडे
खाडीवरचा, आमच्या कॅथलिकांतही थेट प्रवेश बहुतेकांना नाही. आधी पुर्गातोर, तिथे शुद्धी, मग सर्ग. म्हणून २ नोव्हेंबरला मेलेल्यांचा दिवस, कबरींवर मेणबत्त्या आणि त्यांच्यासाठी मिस, म्हणजे चर्चमधली प्रार्थना. नानी रोज रात्री गुडघ्यावर बसून "आमच्या बापा सर्गिंच्या" सुरू करायची आणि शेवटी आजोबांसाठी एक जादा प्रार्थना. म्हणायची, "तो इतक्यात सुटायचा नाही, त्याने खूप पत्ते खेळलेत."

कैलास-वैकुंठ चाललंय म्हणून एक गंमत. १६१६ मध्ये राशोलला छापलेल्या क्रिस्तपुराणात फादर स्टीफन्सनी ख्रिस्ती स्वर्गाला चक्क "वैकुंठ" म्हटलंय. इंग्लंडातून आलेला जेझुइट, मराठीत ओव्या लिहितोय, आणि वैकुंठ म्हटल्याशिवाय इथल्या माणसाच्या डोळ्यांसमोर काही उभं राहणार नाही हे त्याला कळलं होतं.

नांदुरकी
@मांडवी_पलीकडे हे माहीत नव्हतं! दंडवत.

निळी_पायवाट
मग आमचाही शब्द नोंदवून ठेवा, "कालकथित". आमच्या वस्तीत कै. किंवा स्व. लिहिलेलं कार्ड छापलं जात नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ज्या २२ प्रतिज्ञा घेतल्या त्यांत श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, ही एक आहे. त्यामुळे दहाव्याचा कावळा आमच्याकडे आता फक्त कावळा आहे. जलदान विधी होतो, पुण्यानुमोदनाला लोक जमतात, गेलेल्या माणसाबद्दल बोलतात. माझ्या काकांच्या वेळी तर दोघांनी त्यांची उधारीही जाहीर केली.

शिखा_आणि_सूत्र
@निळी_पायवाट आदर ठेवून विचारतो. बौद्ध ग्रंथांत देवलोक आहेतच ना? बुद्ध आईला धम्म सांगायला तावतिंस स्वर्गात गेले आणि संकिस्सा गावी खाली उतरले, हा प्रसंग अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात रंगवलेला आहे.

निळी_पायवाट
आहे की. मुलांना दाखवूनही आणलंय. पण तिथले देवही मरतात, तोही लोक अनित्यच. म्हणजे वर नांदुरकी सांगतायत त्याच्या जवळपासच आलो आपण. आणि मला स्पष्टच सांगायचं तर, बाबासाहेबांनी जो धम्म दिला तो या जगातल्या माणसामाणसांतल्या वागण्याचा आहे. माझ्या पणजीला पाणवठ्यावर उभं राहू दिलं नाही. तिला मेल्यावर विमान येईल या आश्वासनाचा काय उपयोग होता?

शिखा_आणि_सूत्र
यावर माझ्याकडे उत्तर नाही.

स्लाइड_रूल
विषयांतराबद्दल क्षमस्व, पण गरुडपुराणातले आकडे पाहिले. मेल्यावरची वाट ८६,००० योजनं, जीव दिवसाला २४७ योजनं चालतो, म्हणजे साधारण ३४८ दिवस. वर्षश्राद्ध वर्षाने का, ते यातून जुळतं. योजन १२ किलोमीटरचं धरलं (मतभेद आहेत), तर दिवसाला २,९६४ किलोमीटर, ताशी जवळपास १२३. न थांबता. समृद्धी महामार्गावर कारला मर्यादा १२० आहे. चलान येणार.

फेरफार_सातबारा
आणि ते वारसांनी भरायचं. मयताच्या नावे थकबाकी ठेवता येत नाही.

नांदुरकी
हा प्रवास यमपुरीचा आहे हो, स्वर्गाचा नाही. बाकी हिशोब बरोबर.

सतीची_चाळ
मला या सगळ्यात महाभारतातला मुद्गल आवडतो. धर्मराज आणि कुत्र्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, ही वनपर्वातली मागे पडते. मुद्गल कुरुक्षेत्रात राहायचा, कापणी झालेल्या शेतात पडलेले दाणे वेचून घर चालवायचा. दुर्वास सहा वेळा आले आणि घरात शिजलेलं सगळं खाऊन गेले, हा एकदाही चिडला नाही. म्हणून देवदूत विमान घेऊन दारात. हंस-सारस जुंपलेलं, घंटा लावलेलं, सगळा थाट.

आणि हा दाणे वेचणारा माणूस विमानात पाय ठेवण्याआधी विचारतो, तुमच्या स्वर्गाचे गुण सांगा आणि दोषही सांगा. देवदूत बिचारा प्रामाणिक. म्हणतो, तहानभूक नाही, म्हातारपण नाही, घाम नाही. पण तिथे नवीन पुण्य करता येत नाही, जुनं खर्चच करायचं. आपल्यापेक्षा कुणाचं तेज जास्त दिसलं की जळफळाट होतो. आणि खाली पडायची वेळ आली की गळ्यातली माळ कोमेजायला लागते. ते पाहून जी भीती वाटते ती फार वाईट. मुद्गलाने नमस्कार केला आणि विमान रिकामं परत पाठवलं.

घर घेताना मी बिल्डरला इतके नेमके प्रश्न विचारले नव्हते. अजून पाण्याचा टँकर मागवतोय.

कोपरखळी
"आपल्यापेक्षा कुणाचं तेज जास्त दिसलं की जळफळाट" म्हणजे स्वर्गात सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे तर.

उधारीचं_तूप
मुद्गल माझा माणूस. आधी कुठे होता हा?

ओसरी
मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

माझा मुलगा ११ दिवसांचा होऊन गेला. बारसं दुसऱ्या दिवशी होतं, पाळणा भाड्याने आणून ठेवला होता. गुरुजी म्हणाले एवढ्या लहान बाळाला अग्नी नसतो, पिंड नसतो, काही नसतं. ते शास्त्राने बरोबरच असेल. सासरे आणि दीर घेऊन गेले, मला जाऊ दिलं नाही. कै. लिहा की स्व. लिहा हे तुमचं चाललंय, पण त्याला नावच नव्हतं. पुढे लावायचं कशाला?

मी बीएस्सी आहे, मला सगळं कळतं. तरी तो कुठेतरी आहे असं मी मानते. ते ठिकाण कसं आहे हे मी कोणाला सांगत नाही, कारण सांगितलं की कुणीतरी दुरुस्त करतं.

बायपास_काका
ताई, इथे कोणी दुरुस्त करणार नाही.

शिखा_आणि_सूत्र
🙏

उधारीचं_तूप
ताई, मी वर जे लिहिलं ते तुमच्यासारख्यांसाठी नव्हतं. लिहिताना हे लक्षात यायला हवं होतं.

ओसरी
अहो, मला तुमचा चार्वाक आवडला. मीच हसले वाचून. म्हणून तर लिहिलं.

निळी_पायवाट
ओसरीताई, नाव ठरलं होतं का?

ओसरी
ठरलं होतं. ते मात्र इथे लिहीत नाही.

शब्दवेल्हाळ
(उशिरा आले.) भाषेचं पाहा ना. कुणी फार खूश झालं की त्याला "स्वर्ग दोन बोटं उरला" म्हणतो. नाहीतर "स्वर्ग ठेंगणा झाला". म्हणजे आपल्या बोलीत स्वर्ग नेहमी मोजता येण्याएवढा जवळ आहे, फक्त शेवटची दोन बोटं पोचत नाहीत.

मूळ प्रश्नाबद्दल : मराठीत पूर्वी सर्रास कै. असायचं, स्व. चा सुळसुळाट हिंदीच्या संगतीने झाला असं माझं मत. "दिवंगत" बरं वाटलं म्हणून घ्याल, तर त्याचाही अर्थ "स्वर्गात गेलेला" असाच आहे. नास्तिकांना पळायला जागा नाही.

स्लाइड_रूल
मग नुसतं नाव आणि दोन साली. गणिताच्या मास्तरांना तेच शोभेल. अर्धा_कप, काय ठरलं? पाटी झाली का?

अर्धा_कप (धागाकर्ता)
सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, काही आईला वाचून दाखवले. मुद्गल तिला फार आवडला. ओसरीताईंचं वाचल्यावर ती उठून आत गेली आणि बराच वेळ आली नाही.

स्लाइड_रूल म्हणतात तसंच ठरलं होतं. नाव, दोन साली. भाऊही तयार झाला. काल मजकूर पक्का करायला शाळेत गेलो, तर हेडमास्तरांनी देणग्यांचं जुनं रजिस्टर काढलं, पाटीचं माप कुठे लिहिलंय ते बघायला. त्यात १९९४ ची एक नोंद सापडली. दहावीला गणितात पहिल्या येणाऱ्या मुलीला १०१ रुपयांचं बक्षीस, दरवर्षी. देणगीदार बाबा. आम्हाला कोणालाच हे माहीत नव्हतं. बक्षिसाचं नाव त्यांच्याच अक्षरात, काळ्या शाईच्या पेनाने, आजीचं. आणि आजीच्या नावापुढे "कै."

आजी गेली तेव्हा दहाव्याला ते घाटावर गेले नव्हते. काकांशी त्यावरून दोन वर्षं बोलणं बंद होतं. आणि इथे कै., पुढे ठळक टिंब. मी भावाकडे पाहिलं, तो रजिस्टरकडेच बघत होता. हेडमास्तर म्हणाले, "सर टिंब विसरायचे नाहीत कधी. दशांशचिन्हासारखं द्यायचे."

येताना पाटीवाल्याला सांगितलं, कै. घाल.

उधारीचं_तूप
हे कुठल्या तर्कात बसतं?

अर्धा_कप (धागाकर्ता)
कुठल्याच नाही. बाबा असते तर मी विचारलं असतं, आणि ते म्हणाले असते, "रूढ संक्षेप आहे, त्यात काय एवढं."

नांदुरकी
किंवा दिवेघाटाचा चढ चांगला आहे, असं म्हणाले असते.

फेरफार_सातबारा
टिंबाचे पैसे घेतले का शेवटी?

अर्धा_कप (धागाकर्ता)
घेतले. म्हणे मजकूर बदलला की टिंब धरतो. पाच रुपये.